मोटारगाडीतील तापक व त्याचे दोषनिदान

मोटारगाडीतील तापक : एंजिनात निर्माण होणाऱ्या उष्णतेचा काही भाग घेऊन गाडीच्या अंतर्भागात उबदार हवा सोडणारी व पुढील काचेवर साचलेले बाष्प घालविणारी योजना. व्यवहारात तिला हीटर म्हणतात. द्रवाने थंड होणाऱ्या एंजिनाच्या गाडीत तापक ही शीतलन प्रणालीचीच एक शाखा असते. त्यामुळे त्यातून गरम हवा न येणे हे पुष्कळदा केवळ गैरसोयीचे लक्षण नसून शीतलन प्रणालीतील बिघाडाची पूर्वसूचना असते.

मुंबईत ही सूचना सहसा वाया जाते. सांताक्रूझ येथे २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदलेले ७.४° से. यासारखे तापमान उपनगरांत अपवादानेच आढळते. एरवी मानखुर्द, घाटकोपर वा मुलुंड येथे हिवाळ्यातही गाडीत उबेची गरज भासत नाही. तापक वर्षानुवर्षे बंद राहतो व त्याचा बिघाड कोणाच्या लक्षात येत नाही. अशी गाडी मानखुर्दहून ठाण्याची खाडी ओलांडून पनवेल, खोपोलीमार्गे बोरघाट चढू लागली म्हणजे एंजिनावरील भार एकदम वाढतो आणि शहरात कसेबसे पुरणारे शीतलन तेथे अपुरे पडते. निघण्यापूर्वी एंजिन तापल्यावर दोन मिनिटे तापक चालवून पाहिला असता, तर शीतक कमी झाल्याचे पुष्कळदा घरीच कळले असते. शिवाय पावसाळ्यात काचेच्या आतील बाजूस धरणारे बाष्प लवकर घालविण्यास तापकाचा चांगला उपयोग होतो. वातानुकूलन यंत्र हवेतील आर्द्रता काढून घेते व तापक तीच कोरडी हवा गरम करून काचेवर सोडतो. म्हणून अशा वेळी दोन्ही एकत्र चालविणे इष्ट असते.

रचना व कार्य : एंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळ मानाने एक-तृतीयांश भाग उपयुक्त कार्यात रूपांतरित होतो, जवळजवळ तितकीच उष्णता शीतक द्रवात जाते व उरलेली मुख्यतः निष्कास वायूंबरोबर बाहेर पडते. शीतक म्हणजे पाणी व एथिलीन ग्लायकॉल यांचे गंजरोधक द्रव्ये घातलेले मिश्रण होय. ते पंपाच्या साहाय्याने सिलिंडरांभोवतीच्या पोकळ्यांतून फिरते. एंजिन थंड असेपर्यंत थर्मोस्टॅट ही स्वयंचलित झडप रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवते. शीतकाचे तापमान सु. ८२° ते ९२° से. झाल्यावर ती उघडू लागते. तापकाची वाट वेगळी असते. सिलिंडर-शीर्षाजवळून निघालेली एक रबरी नळी एंजिन व प्रवासी-कक्ष यांमधील पत्र्यातून आत जाते व तेथील छोट्या रेडिएटरला मिळते. यालाच तापकाचा गाभा म्हणतात. दुसऱ्या नळीने शीतक पंपाकडे परत येते. विजेवर चालणारा पंखा गाभ्यावरून हवा ढकलतो. हवेचे तापमान कमीजास्त करण्यासाठी जुन्या गाड्यांत बहुधा नळीवर पाण्याची झडप असे. अलीकडील गाड्यांत गाभ्यातून जाणारी गरम हवा व त्याला वळसा घालून येणारी थंड हवा यांचे प्रमाण बदलणारी एक फिरती पट्टी असते. ती तारेने अथवा लहान विद्युत् चलित्राने फिरते.

पंख्याच्या साहाय्याने बाहेरची ताजी हवा तापवून आत घेणारी योजना अमेरिकेतील नॅश कंपनीने १९३८ मध्ये प्रचारात आणली. फोक्सवॅगन बीटलसारख्या हवेने थंड होणाऱ्या एंजिनाच्या गाडीत निष्कास नळीभोवतीच्या वेष्टनातून हवा तापवून घेत. अशा योजनेत नळीस भोक पडल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत शिरण्याचा धोका असतो. तेथे तापकाचा दोष हा सरळ जिवाशी गाठ घालणारा ठरतो.

दोषनिदान : पहिला प्रश्न, हवा मुळीच येत नाही की येते पण थंड येते, हा होय. हवाच येत नसेल, तर शीतलन प्रणालीकडे पाहण्याचे कारण नाही. वितळतार, पंख्याचे चलित्र, त्याचा वेग बदलणारा रोधक किंवा धुळीने गच्च झालेली हवेची गाळणी यांत दोष असतो. पंखा केवळ सर्वांत जास्त वेगाने चालत असेल, तर बहुधा रोधक जळालेला असतो.

हवा येते पण थंड येते, ही स्थिती अधिक विचार करण्याजोगी आहे. एंजिन थंड असतानाच शीतकाच्या टाकीतील पातळी पाहावी. तापलेल्या एंजिनावर रेडिएटरचे वा टाकीचे झाकण कधीही उघडू नये. बंद प्रणालीत दाब असल्यामुळे द्रव १००° से. च्या वर असूनही उकळत नाही. झाकण निघताच दाब उतरतो, द्रव उसळतो व चेहरा आणि हात गंभीर भाजतात. पातळी ठीक असेल, तर एंजिन सुरू करून तापू द्यावे व तापमानदर्शकाकडे लक्ष द्यावे. बराच वेळ चालूनही काटा खालीच राहिला, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला असावा किंवा तो जागेवरच नसावा. आपल्याकडे उन्हाळ्यात एंजिन तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याची पद्धत अनेक कारागिरांत रूढ आहे. ती चुकीची आहे. एंजिन सतत थंड राहिल्याने इंधन जास्त लागते, तेलात ओलावा साठतो व झीज वाढते. मूळचा दोष, म्हणजे तुंबलेला रेडिएटर किंवा निकामी पंखा, मात्र तसाच राहतो.

काटा योग्य जागी असून हवा थंड असल्यास तापकाच्या दोन्ही नळ्या जपून चाचपाव्या. एंजिन बंद असतानाही विजेचा पंखा आपोआप सुरू होऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे. दोन्ही नळ्या गरम असतील, तर उष्णता गाभ्यापर्यंत पोहोचते आहे व दोष फिरत्या पट्टीत किंवा तिच्या तारेत आहे. एक गरम व दुसरी जवळजवळ थंड असेल, तर गाभा तुंबला आहे किंवा झडप बंद आहे. विंधन विहिरीचे कठीण पाणी वर्षानुवर्षे भरल्याने धरलेला क्षार, गंज व गळती थांबविण्यासाठी टाकलेली चूर्णे गाभ्याच्या अरुंद नळ्यांत साचतात. दोन्ही नळ्या थंड असल्यास शीतक कमी असणे, हवा अडकणे वा पंप निकामी होणे यांपैकी काही घडलेले असते. कधी गळका गाभा बदलण्याऐवजी कारागिराने दोन्ही नळ्या परस्परांस जोडून त्यास वगळलेले आढळते. मुंबईत घेतलेली जुनी गाडी थंड प्रदेशात गेल्यावरच हे उघडकीस येते.

गाडी वेगात असताना गरम व उभी राहिल्यावर थंड हवा येणे हे शीतक कमी असल्याचे, हवा अडकल्याचे किंवा पंप दुर्बल झाल्याचे लक्षण होय. तापकाचा गाभा पुष्कळ गाड्यांत उंचावर असल्याने पातळी उतरली की प्रथम तोच कोरडा पडतो. शीतक भरूनही पुन्हा कमी होत असेल व बाहेर गळती दिसत नसेल, तर सिलिंडर-शीर्षाखालील गॅस्केट फाटल्याची शंका घ्यावी. टाकीत सतत बुडबुडे येणे, एंजिन तापल्यानंतरही निष्कासातून पांढरा धूर येत राहणे आणि तेल दुधट होणे ही तिची लक्षणे होत. गाभाच गळत असल्यास आत गोडसर वास येतो, काचेवर तेलकट थर धरतो व पायाखालची सतरंजी ओली होते. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. सांडलेले शीतक मुले व जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे.

घाटात काटा लाल खुणेकडे सरकू लागल्यास वातानुकूलन बंद करून तापक पूर्ण चालू करण्याचा जुना उपाय खरा आहे, कारण त्यामुळे गाभा हा दुसरा रेडिएटर बनतो. तथापि त्या वेळी तापकातून काय येते, हे पाहणे महत्त्वाचे. गरम हवा आली, तर द्रव अजून फिरत आहे व सुरक्षित जागा गाठण्यापुरता अवधी मिळतो. थंड हवा आली, तर प्रणालीत द्रव उरलेला नसण्याचा संभव मोठा असतो. गाडी तत्काळ कडेला घेऊन एंजिन बंद करावे. द्रवाबाहेर उघडा पडलेला तापमानदर्शकाचा संवेदक अशा वेळी प्रत्यक्षाहून कमी तापमान दाखवू शकतो, म्हणून काटा खाली आला तरी त्यावर विसंबू नये. ॲल्युमिनियमचे सिलिंडर-शीर्ष अतितापाने वाकडे होते व दुरुस्तीचा खर्च कित्येक पटींनी वाढतो. तापलेल्या एंजिनात थंड पाणी ओतल्यास धातूला तडा जाण्याची भीती असते. ते पूर्ण निवेपर्यंत थांबणे भाग आहे.

विजेवर चालणाऱ्या मोटारगाड्यांत एंजिनाची वाया जाणारी उष्णता उपलब्ध नसते. त्यांत विद्युत् रोधकाचा तापक किंवा उष्णता-पंप असतो व तो मुख्य विद्युत् घटमालेतून शक्ती घेतो. त्यामुळे थंडीत गाडीचा पल्ला घटतो. तेथील दोष नळ्या चाचपून कळत नाही. उच्च दाबाच्या नारिंगी तारांशी संबंध येत असल्याने हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच सोपवावे लागते.