अर्धी दरी कपाशीखाली

वर्ध्याच्या माणसाला दरी बघायची तर जिल्हा सोडावा लागतो. पाण्याची वाण इथे नाही. पवनारला धाम नदी काळ्या खडकावर पसरून वाहते, बोर धरणावर सुटीच्या दिवशी डबे उघडले जातात, रोडगे आणि वांग्याच्या भाजीचा बेत तर कुठल्याही नदीकाठी जमतो. पण काठावर उभं राहिल्यावर पोटात गोळा यावा, असं खोल इथे काही नाही. वर्धा शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम २३४ मीटरवर आहे. धाम वेणेला आणि वेणा वर्धेला मिळेपर्यंत जमीन इतकी सावकाश उतरते, की पाण्याला उडी मारायला जागाच सापडत नाही. म्हणून श्रावण लागला की आजी, नातवंडं, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि गाडी लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या, असा सगळा सरंजाम घेऊन गाड्या चिखलदऱ्याच्या वाटेला लागतात.

या सहलीतलं नवल चिखलदऱ्याच्या बरंच आधी सुरू होतं. नेमकी तेव्हा निम्मी मंडळी गाडीत पेंगत असतात.

पुलगावला वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड लागतं. पुढे अमरावतीच्या अलीकडे पोहरा-मालखेडच्या बुटक्या टेकड्या येतात. त्यांचा फोटो कोणी काढत नाही. पण या टेकड्यांच्या अलीकडच्या उतारावर पडलेला पाऊस वर्धा नदीत जातो, तिथून प्राणहिता, मग गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर. पलीकडच्या उतारावरचा पाऊस पेढी नदीतून पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि सुरतेच्या पुढे अरबी समुद्रात. देशाच्या दोन समुद्रांमधली पाण्याची वाटणी इथे होते आणि आपण चौथ्या गिअरमध्ये ती पार करून जातो. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे वर्धा आणि तापी या दोन्ही नद्या मध्य प्रदेशातल्या एकाच मुलताई तालुक्यात उगम पावतात. एक दक्षिणेला वळते, दुसरी पश्चिमेला, आणि पुन्हा म्हणून एकमेकींचं तोंड बघत नाहीत.

अमरावती सोडून परतवाड्याकडे निघालं की रस्ता पुन्हा सपाट होतो. दोन्ही बाजूंना कपाशी, तूर, सोयाबीन, मधूनच संत्र्याची बाग. आणि मग उत्तरेला, कसलीही पूर्वसूचना न देता, भिंत. टेकड्यांची हळूहळू वाढत जाणारी रांग वगैरे नाही. शेत संपतं आणि डोंगर उभा राहतो. पायथा साडेतीनशे-चारशे मीटरवर आणि माथ्यावरचं चिखलदरा १,११८ मीटरवर. सह्याद्रीचा घाट पाहिलेल्यांना सवय असते, पण वर्ध्याच्या सपाटीवर वाढलेल्या डोळ्यांना ही भिंत विचित्रच वाटते. हा डोंगर इथे आला कुठून?

साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या सगळ्या मुलखावर लाव्हा पसरला. चित्रातल्यासारखा शंकूच्या तोंडातून उसळून नव्हे. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो उतू जाऊन वाहत गेला. एक थर निवला की त्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. आज झिजून उरलेला पसारादेखील पाच लाख चौरस किलोमीटरच्या घरात आहे. मुंबईपासून नागपूरच्या सीताबर्डीच्या टेकडीपर्यंतचा काळा पाषाण, बसाल्ट, हा त्याचाच. म्हणजे वर्ध्याच्या विहिरीत सुरुंग लावल्यावर निघतो तो दगड आणि चिखलदऱ्याच्या कड्याचा दगड एकाच कुळातले. लाव्हा आडवा पसरला होता. मग वर्ध्याला तो पायाखाली आणि चिखलदऱ्याला डोक्यावर कसा?

कारण जमीन मध्येच तुटली. सातपुड्याच्या या दक्षिण कडेला धरून एक लांबलचक प्रस्तरभंग जातो. भूवैज्ञानिक त्याला गाविलगड प्रस्तरभंग म्हणतात. त्याच्या उत्तरेची बाजू वर सरकली, दक्षिणेची खाली बसली. हे एका रात्रीत झालं नाही, थोडं थोडं, फार मोठ्या काळात झालं. वर गेलेली बाजू म्हणजे गाविलगडचे डोंगर. खाली बसलेली बाजू म्हणजे पूर्णेचं खोरं.

आणि इथे माझ्या मते या सगळ्या प्रवासातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट येते. पूर्णेचं खोरं आज आपल्याला दिसतं तेवढंच खोल नाही. डोंगर वर जात असताना आणि खोरं खाली बसत असताना नद्या डोंगरावरची माती, वाळू, गोटे आणून त्या खोलगटात भरत राहिल्या. कूपनलिका खोदणाऱ्यांना काही ठिकाणी हा गाळ तीनशे मीटरच्या पुढेही संपलेला आढळत नाही. पूर्णाकाठची शेतं मुळात समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरांच्या आसपासच. म्हणजे तिथे काळा पाषाण जवळपास समुद्राच्या पातळीवर जाऊन बसला आहे. ज्याचा माथा चिखलदऱ्याला अकराशे मीटरवर आहे, तो! काठावरच्या कठड्याला धरून आपण खाली डोकावतो तेव्हा दिसते ती दरीची वरची बाजू. उरलेली कपाशीखाली बुजलेली आहे.

या बुजलेल्या खोलीची किंमत अमरावती, अकोला, बुलढाण्यातल्या खारपाणपट्ट्यातले शेतकरी रोज मोजतात. त्या जाड गाळातलं भूजल खारट आहे. विहीर आहे, पाणी आहे, पण पिकाला आणि पोटाला चालत नाही. सहलीला आलेल्यांनी कठड्यावरून दक्षिणेकडे बघून ‘काय व्ह्यू आहे’ म्हणावं, त्या व्ह्यूमध्ये हेही असतं.

डोंगराची बाजू खरंच वर उचलली गेली, याचा पुरावा हवा असेल तर मोर्शी तालुक्यातल्या साळबर्डीला जावं. महाशिवरात्रीच्या यात्रेला वर्धा-अमरावतीकडची माणसं तिथे पिढ्यान्‌पिढ्या जातात. याच डोंगररांगेच्या पायथ्याशी तिथे लाव्ह्याच्या खालचे, म्हणजे लाव्ह्याहून जुने थर उघडे पडले आहेत आणि त्यांत डायनासोरची हाडं सापडली आहेत. जे एरवी खोल गाडलेलं असायचं, ते इथे माणसाच्या गुडघ्याशी आलं आहे.

आता धबधबे. भिंत तयार झाली म्हणजे धबधबा झालाच, असं नाही. माती किंवा ठिसूळ दगड असता तर पाण्याने त्याचा उतार करून टाकला असता. बसाल्ट तसं करू देत नाही. लाव्हा निवताना आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात. पुढे दगड सुटतो तो त्या उभ्या भेगेवरूनच. त्यामुळे कितीही झिजला तरी कडा ताठच राहतो. परतवाड्याहून घाट चढताना रस्त्यासाठी फोडलेल्या दगडाकडे नीट पाहिलं तर एका थराचे दोन स्वभाव दिसतात. थराचा मधला भाग घट्ट, निळसर काळा, हातोडी मारली तर खणखणणारा. वरचा भाग मात्र धिरड्यासारखा जाळीदार. लाव्ह्यातले वायू वर येता येता अडकले, त्यांचे हे बुडबुडे. दोन थरांच्या मध्ये कुठे विटकरी लाल पट्टा असतो: एक थर निवून त्याच्या माथ्यावर माती धरली, तोवर दुसरा लाव्हा येऊन ती भाजली गेली.

घट्ट थर पाण्याला दाद देत नाही, जाळीदार आणि लाल थर देतो. वरून पडणारं पाणी खालचा मऊ भाग कोरत जातं, वरचा घट्ट दगड छज्ज्यासारखा पुढे राहतो आणि एक दिवस उभ्या भेगेवर तुटून पडतो. धबधबा तेवढा मागे सरतो. तुटलेले धोंडे खालच्या डोहात गरगरतात आणि डोह आणखी खोल करतात. नायगाऱ्याला हेच होतं. गेल्या सुमारे १२ हजार वर्षांत तो ११ किलोमीटर मागे सरला आहे. आपल्या ओढ्यांना वर्षातले तीन-चार महिनेच काम मिळतं, म्हणून त्यांची गती त्या मानाने मुंगीची, पण पद्धत तीच. चिखलदऱ्याजवळच्या भीमकुंडाच्या कड्यावरून पाणी कोसळतं तिथे भीमाने कीचकाला मारून दरीत फेकलं आणि मग या कुंडात अंग धुतलं, अशी कथा सांगतात. कुंड खोदण्याचं काम मात्र धोंड्यांनी केलं आहे.

त्या जाळीदार थराची आणखी एक ओळख वर्धा जिल्ह्यातच आहे, हे कठड्यावर उभ्या असलेल्या वर्धेकराला कोणीतरी सांगायला हवं. समुद्रपूर तालुक्यातलं गिरड. तिथल्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे आणि टेकडीवर, आसपासच्या रानात गोल गोल पांढरट दगड सापडत आले आहेत. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमध्ये त्यांची कथा नोंदलेली आहे: दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, बाबांनी त्यांच्याजवळचे नारळ आणि बाकीचा माल दगडाचा करून टाकला. व्यापारी शरण आले तेव्हा वाळलेल्या पानांपासून नवा माल करून दिला, आणि ते दोघे कायमचे तिथेच राहिले. हे दगड म्हणजे झिओलाइट. लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत पुढे पाणी झिरपलं, त्यातले क्षार आत साचून त्यांचे स्फटिक झाले. भोवतालचा मऊ दगड झिजला की हे टणक गोळे मोकळे होऊन बाहेर पडतात. गिरडला जी पोकळी भरली, तशीच पोकळी चिखलदऱ्याच्या धबधब्याखाली पाणी पोखरत असतं.

“आबा, इतकं पाणी येते कुठून?” असं कठड्यावर एखादं पोरगं हमखास विचारतं आणि “वरूनच येते न बाप्पा, दुसरं कुठून!” असं उत्तर त्याला मिळतं. उत्तर चुकीचं नाही. चिखलदऱ्याच्या माथ्यावर मोठी नदी नाही. ओढे माथ्यावरच सुरू होतात आणि लगेच कड्यावरून खाली जातात. पाऊस थांबला की काही दिवसांत धार बारीक होते. घट्ट बसाल्ट पाणी पोटात फारसं साठवत नाही. भेगांतून जेवढं मुरतं तेवढंच पुढे झिरपतं. देवी पॉइंटच्या गुहेतल्या देवळात छतातून पाणी ठिबकत असतं ते असं भेगांतून आलेलं. चंद्रभागा नदीचा उगम इथलाच मानतात. ती पूर्णेला मिळते. डोंगराच्या उत्तरेकडचं मेळघाटातलं पाणी सिपना वगैरे नद्यांतून तापीला मिळतं. म्हणजे माथ्यावर दोन बाजूंना वेगळे झालेले थेंब जळगाव जिल्ह्यात चांगदेवला, पूर्णा-तापीच्या संगमावर, पुन्हा एकत्र येतात.

पंचबोल पॉइंटवर ओरडायचं असतं, हे पोरांना वेगळं सांगावं लागत नाही. हाक पाच वेळा परत येते म्हणतात. कधी तीनच ऐकू येतात, शेजारच्या कुटुंबातले काका त्याच वेळी ओरडले तर एकही नाही. कडे ताठ आणि टणक आहेत, म्हणून आवाज विरून न जाता उलटतो. ते वेगवेगळ्या अंतरांवर आहेत, म्हणून एकाच हाकेची उत्तरं एकामागून एक येतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. जाऊन यायचं म्हणून निम्मे धरले, तर हाक दोन सेकंदांनी परतली की समोरचा कडा ३४० मीटरवर आहे. मोबाइलमधलं घड्याळ लावून पोरांना दरी मोजायला सांगावी. दहा मिनिटं तरी शांतता मिळते. शांतता म्हणजे अर्थात ओरडण्याव्यतिरिक्त.

गाविलगडाच्या किल्ल्यावर गेलं तर हीच भिंत इतिहासात कशी कामाला आली ते कळतं. डिसेंबर १८०३ मध्ये ब्रिटिश सेनानी आर्थर वेलस्लीने किल्ला वेढला तेव्हा दक्षिणेच्या, म्हणजे प्रस्तरभंगाच्या बाजूने लावलेल्या त्याच्या तोफांचा उपयोग झाला नाही. त्याच्या जोडीच्या स्टीव्हन्सनच्या फौजेला तोफा ओढत डोंगरातून वळसा घालून उत्तरेला लबाडा गावाच्या बाजूला यावं लागलं. तिथे डोंगर किल्ल्याला जोडलेला आहे, कडा नाही. १५ डिसेंबरला किल्ला पडला तो त्या बाजूने.

कधी जावं, यावर माझं मत कुटुंबातल्या बहुमताच्या विरोधात जातं. जुलै-ऑगस्टमध्ये चिखलदऱ्याला हिरवं, ओलं, झकास असतं हे खरं; भुट्टा, गरम आलूबोंडा, गवळ्यांच्या दुधाची रबडी यांना तोड नाही. पण अर्धा वेळ धुकं असतं आणि दरीच्या जागी पांढरा पडदा दिसतो. शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते आणि निसरड्या कड्यावर सेल्फी घेणाऱ्यांकडे बघून जीव टांगणीला लागतो. फक्त पाणीच बघायचं असेल तर पावसाळ्यात पैनगंगेवरच्या सहस्रकुंडला जाणं बरं. तिथे अख्खी नदी काळ्या खडकावरून कोसळते, आणि ती पुढे वर्धा नदीलाच मिळते, हा आपलेपणा वेगळा.

धबधबा कसा घडतो ते पाहायचं तर तो आटल्यावर जावं. जानेवारी-फेब्रुवारीत हवा स्वच्छ असते. पाण्याचा पडदा बाजूला झालेला असतो, कड्यावर थरांच्या आडव्या ओळी मोजता येतात, छज्ज्यासारखा पुढे आलेला घट्ट दगड आणि त्याखाली आत गेलेली मऊ पट्टी लांबूनही ओळखू येते. दक्षिणेला पूर्णेचं खोरं क्षितिजापर्यंत सपाट पडलेलं असतं. पोरं ‘पाणी कुठे आहे’ म्हणून कुरकुरणारच. त्या दिवसांत मोथा गावची स्ट्रॉबेरी विकायला असते, तिच्यावर भागवावं.