हंगामापूर्वीचे सामने

तंजावर आणि कुंभकोणम् यांच्या दरम्यान वसलेल्या पापनाशम् येथील माझ्यासारख्या फुटबॉलवेड्याचा जीव चेन्नईयिन संघात गुंतलेला असतो. हंगामापूर्वीच्या सामन्यात संघ हरला, की मन खट्टू होते. परंतु श्रोतेहो, त्या सामन्यांत जयापजयाला फारसे मोल नसते. खेळाडू पारखण्याची ती संधी होय. इंडियन सुपर लीगमध्ये २०१४ साली मैदानावरील ११ जणांत किमान ५ भारतीय असणे आवश्यक होते. २०१७ मध्ये ६ आणि २०२१ मध्ये ७. म्हणजे आपल्या मुलांसाठी २ जागा वाढल्या. त्या कोण मिळवील, याची पहिली चाहूल अशाच सामन्यांत लागते. म्हणून गोलांचा हिशेब क्षणभर विसरावा आणि उत्तरार्धात मैदानावर उतरणाऱ्या अनोळखी पोराकडे लक्ष द्यावे.