नवजात-संजीवनाचे प्रशिक्षण : निवडीचा निकष

शेकडा सुमारे दहा अर्भकांना जन्मतः श्वास सुरू होण्यास काही साहाय्य लागते. विस्तृत उपचारांची गरज मात्र शेकडा एकासच पडते. म्हणून प्रशिक्षण निवडताना प्रमाणपत्रापेक्षा पहिल्या मिनिटातील कृतींना प्राधान्य द्यावे : अर्भक पुसणे, ऊब देणे, चेतविणे व तरीही श्वास न आल्यास पिशवी-मुखवट्याने हवा देणे. २००९ चा ‘नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम’ याच कृतींवर आधारलेला होय. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या आरोग्यदूतांनीही त्या आत्मसात केल्या. मात्र हे कौशल्य सरावाअभावी काही महिन्यांतच क्षीण होते. गुरुकुंज मोझरीसारख्या गावी प्रसूतिसमयी तज्ज्ञ उपस्थित असेलच असे नाही. तेव्हा एकदाच्या दीर्घ वर्गापेक्षा बाहुलीवरील वारंवार सरावाची सोय असलेले प्रशिक्षणच ग्राह्य मानावे.