नंबरप्लेट बदलाल, इंजिनाचं काय?

नागपूरहून हैदराबादला निघालात की जामला चंद्रपूरचा रस्ता फुटतो. तिथे चहा पिता पिता नुसत्या प्लेटवरून कळतं: एमएच ३२ म्हणजे वर्ध्याची गाडी, एमएच ३४ चंद्रपूरची.

नेटवर्कवर तुमच्या लॅपटॉपचंही असंच! पॅकेटमधला टीटीएल हा आकडा विंडोजमध्ये सहसा १२८पासून सुरू होतो, लिनक्स आणि मॅकमध्ये ६४पासून. वाटेतल्या प्रत्येक राउटरवर तो एकाने घटतो. १२१ दिसला? बहुधा विंडोज, सात राउटर पार करून आलेली.

हा आकडा बदलता येतो, अगदी सहज. पण १९९८पासून ऑपरेटिंग सिस्टिम ओळखणारं एनमॅप तेवढ्यावर फसत नाही. टीसीपीचे पर्याय कोणत्या क्रमाने येतात, हेही ते बघतं. प्लेट नवी, इंजिनाचा आवाज जुनाच!

आणि सगळं लपवलंत तरी? जून २०१७मध्ये नॉटपेट्याने न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. पसरण्यासाठी त्याने विंडोजमधली जी त्रुटी वापरली, तिचा पॅच मार्चमध्येच आला होता. असले प्रोग्रॅम नाव-गाव विचारत बसत नाहीत, थेट दार ढकलून बघतात.

तेव्हा वेषांतराचा फंडा राहू द्या. ‘नंतर आठवण करा’वर रोज क्लिक करता ना? आज ऑफिसातून निघण्याआधी तो अपडेट टाकूनच निघा.