विटांची क्रेन आणि तोलाचे गणित

बंगळुरूच्या पूर्वेला कृष्णराजपुरमचा तारांचा पूल मागे टाकून व्हाईटफिल्डच्या दिशेने निघाले, की महादेवपुरा लागते. कधीकाळी कारखान्यांचा असलेला हा भाग आता संगणक कंपन्यांचा आणि उंच उंच इमारतींचा झाला आहे. नोकरीनिमित्त पुण्याहून, मुंबईहून, सोलापूर-कोल्हापूरकडून आलेली मराठी कुटुंबेही इथे संसार मांडून बसली आहेत. गेल्या काही वर्षांत इथल्या मुलांनी खिडकीतून सर्वांत जास्त पाहिलेले यंत्र कोणते असेल, तर ते क्रेन. मेट्रोची जांभळी मार्गिका इथे रस्त्याच्या डोक्यावरून जाते. २५ मार्च २०२३ रोजी कृष्णराजपुरम ते व्हाईटफिल्ड हा टप्पा सुरू झाला आणि त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला मधली राहिलेली कडी जुळून तो शहरातल्या मार्गाला जोडला गेला. त्याआधी कित्येक महिने सळ्यांचे पिंजरे उचलणाऱ्या आणि काँक्रीटचे अवजड भाग ट्रकवरून उतरवणाऱ्या क्रेन शाळेच्या बसमधून रोज दिसत होत्या.

मुलांनी पाहिले ते घरी करून पाहावेसे वाटणे ओघानेच आले. प्लॅस्टिकच्या विटांचा डबा जमिनीवर उपडा होतो, चार चाके लागतात, वर एक लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला दोरा. इथपर्यंत अर्धा तास. मग दोऱ्याला एखादी मोटार अडकवून उचलायला जावे, तर मोटार जमिनीवरच राहते आणि क्रेन तोंडावर आपटते. खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

मराठी कोशात क्रेनला ‘यारी’ म्हणतात. शब्द छान आहे, पण रस्त्यावर तो कोणी वापरत नाही. म्हणून इथेही क्रेनच म्हणू.

जोडणीच्या खेळण्यांचा इतिहास सुरू होतो तोही क्रेनपासूनच. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात फ्रँक हॉर्नबी नावाचे एक कारकून आपल्या मुलांसाठी घरी खेळणी करत. क्रेन करताना त्यांच्या लक्षात आले, की प्रत्येक भाग वेगळा कापत बसण्यापेक्षा सारख्या अंतरावर भोके पाडलेल्या पट्ट्या केल्या, तर त्याच पट्ट्यांतून हवे ते उभे करता येईल. १९०१ साली त्यांनी याचे पेटंट घेतले आणि पुढे ते खेळणे ‘मेकॅनो’ नावाने जगभर गेले. आपल्याकडच्या आजोबांच्या पिढीने मेकॅनो पाहिला, पुढच्या पिढ्यांनी देशी ‘मेकॅनिक्स’चे डबे. नट-बोल्ट पलंगाखाली हरवणे हा त्या खेळाचाच एक भाग होता.

विटांची कथा डेन्मार्कमधील बिलुंड गावची. ओले कर्क ख्रिस्तियानसेन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून ‘लेगो’ हे नाव तयार झाले. आज आपण ओळखतो त्या, आतून नळ्या असलेल्या विटेचे पेटंट २८ जानेवारी १९५८ चे. तेव्हाची वीट आजच्या विटेत घट्ट बसते. आठ गोट्यांच्या एकाच रंगाच्या सहा विटा ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात, असा हिशेब आहे. १९७७ मध्ये या विटांना आरपार भोके आली. त्यांत दांडे, दंतचक्रे बसू लागली आणि घरे-गाड्या रचणाऱ्या मुलांना यंत्रे रचता येऊ लागली. पुढे याच मालिकेचे नाव ‘टेक्निक’ झाले. तिच्यात क्रेन पुन्हा पुन्हा आल्या. २०१३ सालच्या फिरत्या क्रेनच्या संचात २,६०६ तुकडे होते आणि एकच विद्युत मोटर गिअरच्या मदतीने अनेक कामे करत होती.

पण संचाबरोबर आलेली पुस्तिका पाहून जोडणे वेगळे आणि स्वतःच्या मनाने आराखडा करणे वेगळे. पुस्तिकेत पायरी चुकली, तर मागे जाऊन दुरुस्त करता येते. स्वतःच्या आराखड्यात चूक कुठे आहे हेच आधी शोधावे लागते.

सुरुवात चाकापासून

जाणकार मंडळी मॉडेलची सुरुवात चाकापासून करतात, कारण बाकी सगळे हवे तेवढे लांब-रुंद करता येते, पण टायर मिळतो त्याच मापाचा घ्यावा लागतो. खऱ्या मोठ्या क्रेनचा टायर सुमारे १३७ सेंटिमीटर उंच धरला आणि हाताशी असलेला टायर ६.२ सेंटिमीटरचा असला, तर प्रमाण झाले साधारण बावीसास एक. मग पावणेतीन मीटर रुंदीची खरी गाडी मॉडेलमध्ये साडेबारा सेंटिमीटरची होते. विटेवरच्या एका गोट्यापासून दुसऱ्या गोट्यापर्यंतचे अंतर ८ मिलिमीटर, म्हणजे रुंदी सोळा गोट्यांची. एवढे ठरले, की कागदावर चौकटी आखून पुढचे काम सुरू करता येते.

दंतचक्रांचेही असेच सोपे सूत्र आहे. दात मोजा आणि निम्मे करा. तेवढे मिलिमीटर त्या चक्राची त्रिज्या. आठ दातांच्या चक्राची चार, चोवीस दातांच्या चक्राची बारा. बेरीज सोळा, म्हणजे बरोबर दोन गोटे. म्हणून ही जोडी दोन भोके सोडून नेमकी बसते. सातवी-आठवीतल्या ज्या मुलाला गुणोत्तर-प्रमाणाचा कंटाळा येतो, तो इथे तेच गणित तासभर करत बसतो आणि आपण गणित करतो आहोत हे त्याला कळतही नाही.

मोटरला मात्र गती फार आणि ताकद कमी. खेळण्यातली मध्यम मोटर मोकळी फिरवली, तर मिनिटाला सुमारे ४०० फेरे घेते. तिच्या दांड्यावर सरळ दोरा गुंडाळला आणि एका फेऱ्यात तीन सेंटिमीटर दोरा आत आला, तर मिनिटाला बारा मीटर! मीटरभर दोरा पाच सेकंदांत संपेल आणि वजन दांड्यावर आदळेल. उपाय असा, की मोटरवर मळसूत्री गिअर बसवायचा, ज्याला सगळे ‘वर्म’ म्हणतात. त्याच्या एका फेऱ्यात चोवीस दातांचे चक्र एक दात सरकते. वेग चोवीसपटीने उतरून मिनिटाला अर्ध्या मीटरवर येतो आणि पीळ वाढतो. शिवाय वर्म चक्राला फिरवतो, पण चक्र वर्मला फिरवू शकत नाही. त्यामुळे मोटर बंद केली तरी वजन हवेत आहे तिथेच थांबते. विहिरीवरच्या रहाटाचा दोर हातातून सुटला, की घागर धाडकन खाली जाते. इथे तसे होत नाही.

ही किंमत कुठेतरी चुकवावी लागतेच. वर्मच्या घर्षणात मोटरची बरीच शक्ती वाया जाते. म्हणून काही जण आकड्याजवळ एक कप्पी वाढवतात. दोरा दोन पदरी झाला, की निम्म्या जोराने काम भागते, फक्त वेळ दुप्पट लागतो.

आणखी एक गोष्ट अनुभवानेच कळते. प्लॅस्टिकचा लांब दांडा पिळला जातो. वेग कमी करणारी चक्रे मोटरजवळच बसवली आणि तिथून लांब दांडा काढला, तर सगळा पीळ त्या दांड्यावर येतो. तो वळतो आणि मग झटक्याने सुटतो. म्हणून दांडा वेगाने फिरू द्यावा आणि वेग अगदी शेवटी, कामाच्या जागी उतरवावा. बूम टोकाला जाऊन अडली आणि मोटर चालूच राहिली, तरी दात झिजू नयेत म्हणून ठरावीक जोरानंतर घसरणारे खास चक्रही मिळते. त्याची ‘टर्र टर्र’ ऐकू आली, की स्वयंपाकघरातून आईसुद्धा ओरडते, ‘‘अरे, बंद कर ते!’’

मुख्य प्रश्न तोलाचा

आता त्या तोंडावर आपटलेल्या क्रेनकडे वळू. बागेतला सी-सॉ सर्वांनी पाहिलेला असतो. क्रेन म्हणजे एका बाजूला फार लांब असलेला सी-सॉ. टेकू कुठे, तर चाक जमिनीला टेकते तिथे.

समजा, बूम सोडून बाकी गाडीचे वजन २ किलो आहे आणि मध्यापासून चाकाची टेकण्याची जागा ५ सेंटिमीटरवर. गाडीला खाली धरून ठेवणारा जोर २,००० गुणिले ५, म्हणजे १०,०००. बूम बाजूला वळवली. तिचे वजन ३०० ग्रॅम आणि ते मध्यापासून १८ सेंटिमीटरवर, म्हणजे टेकूच्या बाहेर १३ सेंटिमीटर. हे झाले ३,९००. टोकाला, मध्यापासून ४० सेंटिमीटरवर, २०० ग्रॅमचे वजन लटकले. टेकूबाहेर ३५ सेंटिमीटर, म्हणून ७,०००. दोन्हींची बेरीज १०,९००. क्रेन पडणार, आणि मोटर कितीही दणकट असली तरी पडणारच.

आता गाडीच्या दोन्ही बाजूंनी पाय बाहेर काढा. क्रेनवरची माणसे त्यांना ‘आउटरिगर’ म्हणतात. ते मध्यापासून १२ सेंटिमीटरवर टेकले, की टेकू बाहेर सरकला. गाडीचा जोर २४,००० झाला. बूमचे उरले १,८०० आणि वजनाचे ५,६००, एकूण ७,४००. तीच गाडी, तीच मोटर, तेच वजन, पण आता तिपटीहून जास्त आधार. रस्त्यावरची क्रेन काम सुरू करण्याआधी चारी पाय पसरून, त्यांखाली फळ्या घालून का उभी राहते, याचे उत्तर या चार ओळींत आहे. सहा पेन्सिल सेलची जड डबी क्रेनच्या वळणाऱ्या भागाच्या पाठीमागे का बसवायची, याचेही.

म्हणूनच ‘एवढ्या टनांची क्रेन’ हे वाक्य अपुरे असते. लिबहेर कंपनीच्या नऊ आसांच्या एका फिरत्या क्रेनची क्षमता १,२०० टन आणि बूम १०० मीटरपर्यंत लांबणारी. पण १,२०० टन उचलायचे ते अगदी अंगालगत. बूम पसरत जाते तसा आकडा झपाट्याने खाली येतो. किती अंतरावर किती वजन, याचा तक्ता चालकाच्या केबिनमध्ये असतो आणि तो पाहिल्याशिवाय आकडा हलवायचा नाही असा नियम असतो. महाराष्ट्रातही या धंद्याचा मोठा पसारा आहे. पवनचक्क्या आणि वीज केंद्रे उभारताना लागणाऱ्या अवजड क्रेन भाड्याने देणारी पुण्याची संघवी मूव्हर्स ही देशातली अग्रगण्य कंपनी आहे.

तोलाचा हा प्रश्न खेळातला असला, तरी साइटवर त्यात माणसांचे जीव अडकलेले असतात. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास ठाणे जिल्ह्यात शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळया बसवणारे प्रचंड यंत्र कोसळले आणि २० जण दगावले. ते यंत्र चाकांवरच्या क्रेनहून वेगळे होते. पण पुलाखाली कोण उभे आहे, आधार कशावर आहे आणि वजन कुठे आहे, हे तीन प्रश्न तिथेही तेच.

घरात सहसा दुसरीच अडचण येते. वडील अभियंते असले, की तासाभरात मॉडेल वडिलांचे होते आणि मुलगा तुकडे शोधून देणारा हेल्पर. महादेवपुऱ्यात अभियंत्यांना तोटा नाही! क्रेन पडू द्यावी. दोनदा पडली, की पाय किती लांब हवेत ते मूल स्वतःच मोजते. मुलींना डब्यापासून लांब ठेवण्याचे तर काहीच कारण नाही. दंतचक्र कोण फिरवते आहे हे त्याला कळत नाही.

पैशांचे मात्र बोलायला हवे. मोटर असलेले मोठे परदेशी संच कित्येक हजारांच्या घरात जातात आणि ते प्रत्येक घराला परवडणारे नाहीत. पण तोल शिकायला ते लागतातच असे नाही. पुण्यात टेल्कोमध्ये ट्रकच्या कामावर असलेले अभियंता अरविंद गुप्ता १९७८ साली रजा काढून मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर जोडणीचे खेळणे तयार केले. पुढे पुण्याच्या आयुकामधील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अशी शेकडो खेळणी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जाड पुठ्ठा, रिकामी रिळे, जुन्या खेळण्यातली मोटर आणि आईस्क्रीमच्या काड्या यांची क्रेनही वर केलेल्या हिशेबाप्रमाणेच उभी राहते, नाही तर पडते.

पहिल्या चाचणीला वाण्याकडचे २०० ग्रॅमचे माप चांगले, नाही तर घरच्या काट्यावर तोललेली साखरेची पुडी. आधी पाय टेकवायचे, मग बूम गाडीच्या मागच्या दिशेने ठेवून उचलायचे आणि सगळे ठीक असेल, तरच हळूहळू बाजूला वळवायचे. पलीकडच्या पायाखाली कागदाचा कपटा सरकवून ठेवावा. वजन वर गेल्यावर तो कपटा सहज ओढून निघाला, तर तो पाय उचलू लागला आहे. तेव्हा बूम आत घ्यायची आणि वजन खाली ठेवायचे.