कवळीतली चांदी

दंतवैद्यक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शिरलं की मोनोमरचा उग्र वास आधी नाकात जातो. कवळीची गुलाबी हिरडी ज्याची बनते ते ॲक्रिलिक म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रायलेट. १९३७च्या सुमारास ते कवळीसाठी आलं आणि अजून टिकून आहे. हलकं, स्वस्त, मोडलं तर जोडता येणारं. पण कवळीची टाळूला टेकणारी बाजू पॉलिश करता येत नाही. केली तर कवळी सैल बसते. त्या खरखरीत बाजूवर कॅन्डिडा अल्बिकन्स नावाची बुरशी ठाण मांडते. कवळी रात्रंदिवस घालणाऱ्यांचा टाळू लाल होतो, त्यामागे पुष्कळदा हीच असते.

इथे एक पदव्युत्तर विद्यार्थिनी या ॲक्रिलिकमध्ये चांदीचे नॅनोकण मिसळत होती. १०० नॅनोमीटरहूनही लहान कण. वजनाच्या काट्यावर काळपट भुकटीची चिमूट, मग ती मोनोमरमध्ये, मग अल्ट्रासॉनिक बाथमध्ये. हे कण एकमेकांना चिकटायला टपलेलेच असतात. बाथमधून काढल्यावर जरा रेंगाळलं तर तळाशी साका बसतो, म्हणून तिची घाई. लगेच पावडर, मापाने तीन भागाला एक भाग द्रव. मिश्रण आधी ओल्या वाळूसारखं असतं, मग त्याला तार सुटते आणि शेवटी ते कणकेसारखं होऊन भांड्याच्या कडा सोडतं. तेवढ्यात ते फ्लास्कमधल्या साच्यात दाबायचं. पुढे ७४ अंशांच्या पाण्यात तासन्‌तास.

साच्यातून निघालेल्या पट्ट्या पाहून मी गप्पच झालो. साधी पट्टी छान गुलाबी, चांदीची मळकट तपकिरी. अशी कवळी हातात दिली तर पेशंट आधी विचारेल, ‘कुणाची वापरलेली दिलीत?’ शिवाय जिथे कणांची गुठळी राहते तिथून तडा जायची भीती. पट्टी वाकवून मोडायच्या चाचणीत निदान ६५ मेगापास्कल ताण सोसावाच लागतो. चांदी वाढवत नेली की हा आकडा घसरू लागतो.

बुरशीच्या बशा मात्र बघण्यासारख्या होत्या. तुकडे कॅन्डिडाच्या द्रवात ३७ अंशांवर ठेवायचे, धुवायचे, चिकटून राहिलेल्या पेशी सुटवून आगरवर पसरायच्या. साध्या ॲक्रिलिकच्या बशीत सायीच्या रंगाचे ठिपके इतके दाट, की मागून पेनने खुणा करत मोजावे लागत होते. चांदीच्या बशीत ते विरळ. चांदीचे आयन बाहेर पडतात, पेशीच्या गंधकयुक्त प्रथिनांना चिकटतात, आवरण फाडतात. पण हे काम पृष्ठभागावरची चांदी करते. आत गाडली गेलेली बहुतेक नुसती बसून राहते. म्हणून काही संशोधक फक्त वरून लेप देऊन पाहतात. काही जण पांढऱ्या झिंक ऑक्साइडकडे किंवा टायटॅनियम डायऑक्साइडकडे वळतात. टायटॅनियमचा खरा जोर अतिनील प्रकाशात. आता तोंडात ऊन कुठून आणायचं?

मला विचाराल तर बशीतला निकाल खरा, पण बशीत लाळ नाही, चहा नाही, वर्षानुवर्षांचं चावणं नाही. चांदी हळूहळू पोटात जात राहिली तर काय, याचाही हिशेब व्हायचा आहे. तोवर घरात कुणाची कवळी असेल तर ती रात्री काढायला सांगा. मऊ ब्रशने साबण लावून घासा. टूथपेस्टने चरे पडतात. मग साध्या पाण्यात ठेवा, उकळत्या पाण्यात नको, ती वाकडी होते.