मुंगीच्या पावलांनी चालणारा शब्द : 'क्रीप'

'क्रीप' हा इंग्रजी शब्द तुमच्या ओळखीचा असेल. सरपटणे, चोरपावलांनी पुढे सरकणे हे त्याचे नेहमीचे अर्थ. म्हणून भिंतीवर चढणारी वेल ती 'क्रीपर'. अंगावर शहारे येतात तेव्हाही इंग्रजीत हाच शब्द येतो, जणू कातडीवरून मुंग्या चालल्या आहेत! शब्द अस्सल जर्मानिक घराण्यातला. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो होता आणि डच भाषेत त्याचा भाऊ आजही नांदतो आहे. (आपल्या 'सर्पा'शी मात्र त्याचे नाते नाही. ते नाते आहे 'सर्पंट' या शब्दाशी.)

आम्हा पदार्थविज्ञानवाल्यांना तो धातूंसाठी उपयोगी पडला. तारेला वजन टांगले की ती थोडी ताणली जाते आणि थांबते, असे तुम्ही शिकता. ते नेहमीच खरे असते का? करून पाहा. रेडिओ दुरुस्त करणारे वापरतात ती शिसे-कथिलाची, १ मिलिमीटर जाडीची डाख देण्याची तार घ्या. तिला अर्धा किलो वजन टांगा आणि मागच्या भिंतीवर वजनाच्या पातळीची खूण करा. वजनाखाली जुनी उशी ठेवा. तारेला हात लावल्यावर ते साबणाने धुवायला विसरू नका, कारण शिसे विषारी असते. रोज सकाळी खूण तपासा. वजन वाढवलेले नसताना तार मात्र लांबत गेलेली दिसेल.

१९१० साली आंद्रादे यांनी शिशाच्या तारांवर असेच प्रयोग केले. त्यांना एक अडचण आली. तार लांबते तशी बारीक होते आणि तेच वजन तिला जास्त जाचू लागते. त्यांनी तोड काढली ती मोठी सुरेख. वजनाला विशिष्ट आकार देऊन ते द्रवात बुडत जाईल अशी योजना केली. जितकी तार लांबेल तितकी प्लावक शक्ती वाढे आणि ताण सारखा राही. आर्किमिडीज असा कामाला आला!

मग लोखंडी खिळा का लांबत नाही? केल्विन मापात हिशेब करा. खोलीचे तापमान ३०० के. शिसे ६०० के. ला वितळते, म्हणजे ते निम्म्या वाटेवर आले आहे. त्याचे अणू रिकाम्या जागांत उड्या मारू शकतात. लोखंड वितळते १८११ के. ला. त्याची वाट जेमतेम सहावा भाग सरली आहे. पण तेच पोलाद वीजकेंद्रातल्या सुमारे ५४० अंश सेल्सिअस वाफेच्या नळीत असले, की तेही सरकू लागते.

काँक्रीटही क्रीप करते, पण तिथली कारणे निराळी. सिमेंटमधल्या पाण्याचा त्यात मोठा वाटा असतो. पॅसिफिक महासागरातल्या पलाऊ बेटांवर १९७७ साली २४१ मीटर गाळ्याचा काँक्रीटचा पूल बांधला गेला. अठरा वर्षांत त्याचा मध्यभाग १.३९ मीटर खचला! अभिकल्पकांचा अंदाज याहून पुष्कळच कमी होता. १९९६ साली दुरुस्ती झाली आणि त्यानंतर सुमारे तीनच महिन्यांत पूल कोसळून दोन माणसे दगावली. कोसळण्याच्या नेमक्या कारणावर अभियंत्यांचे एकमत नाही. पूल खचण्यामागे मात्र क्रीप होते. पुढे बाझांत या शास्त्रज्ञांनी इतर अनेक पुलांच्या नोंदी तपासल्या. कित्येक पूल दशके उलटली तरी खाली जातच होते.